जुन्या कागदपत्रांच्या छायाचित्रणासाठीं भिंगांची निवड

मंडळाच्या सभासदांपैकीं कित्येकांनीं अलीकडे आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. पहिला डीएसएलआर कॅमेरा घ्यावयाचा आहे, खर्चाची मर्यादा बेताची आहे. तर त्यास कोणतें भिंग घ्यावें? प्रश्न विचारणारे कोणी धंदेवाईक छायाचित्रकार नव्हेत. कोणी मोडी कागद जमवितात, कोणी पोथ्या, कोणी नाणीं. कोणी सुटीच्या दिवशीं गड व लेणीं हिंडून शिलालेखांचा माग काढतात. बाजारांत यांना जो सल्ला मिळतो तो लग्नसमारंभ, पक्षी व प्रवास यांसाठीं भिंगें घेणारांस उद्देशून दिलेला असतो. त्या सल्ल्यानें चालल्यास पैसा जातो आणि काम साधत नाहीं. म्हणून संशोधकाच्या कामास कोणतें भिंग उपयोगी पडतें, तें कोणत्या क्रमानें घ्यावें आणि कोणत्या भिंगाचा मोह टाळावा, हें आमच्या अनुभवावरून येथें सांगण्याचें योजिलें आहे. हा अनुभव आम्हांस फुकट मिळालेला नाहीं. त्याची किंमत एका महजराच्या रूपानें द्यावी लागली. प्रथम तीच हकीकत सांगतों.

१. मंडणगड तालुक्यांतील महजर

मंडणगड हा रत्नागिरी जिल्ह्याचा अगदीं उत्तरेकडील तालुका. सावित्री नदी ही त्याची रायगड जिल्ह्याकडील सीमा, आणि तिच्या मुखावर बाणकोट ऊर्फ हिंमतगड हा किल्ला. १७५५ सालीं इंग्रजांच्या हातीं गेल्यावर त्यास फोर्ट व्हिक्टोरिया हें नांव मिळालें. जवळच असलेलें वेळास हें गांव नाना फडणविसांच्या भानू घराण्याच्या संबंधामुळें आमच्या वाचकांस परिचित आहेच. अशा मुलखांतील जुन्या घरांच्या माळ्यांवर कागदांचे पेटारे असावेत, यांत नवल नाहीं.

२०१९ च्या उन्हाळ्यांत या तालुक्यांतील एका जुन्या खोत घराण्याच्या घरीं आम्ही गेलों होतों. घरचे वृद्ध यजमान अगत्यशील होते. त्यांनीं रुमाल सोडून दिले आणि एकच अट घातली: "कागद हवे तितके पाहा, फोटोही घ्या; पण उंबऱ्याबाहेर कांहीं न्यावयाचें नाहीं." अट रास्त होती. त्या रुमालांत एका सीमेच्या तंट्याचा महजर निघाला. कागदास कागद जोडून केलेली लांब गुंडाळी, मजकूर शुद्ध वळणाचा, आणि शेवटीं साक्षीदारांचीं नांवें व त्यांच्या निशाण्या.

आमच्याजवळ त्या वेळीं ५० मिलिमीटरचें एक नवें भिंग होतें, आणि त्याचें छिद्र मोठें, एफ/१.८ पर्यंत उघडणारें, म्हणून आम्हांस त्याचा अभिमान होता. तिपाई मात्र नव्हती. तिचे पैसे वांचविले होते. माजघरांत उजेड कमी. तेव्हां छिद्र पूर्ण उघडून, कॅमेरा हातांत धरून, गुंडाळीचे एकामागून एक भाग टिपले. कॅमेऱ्याच्या लहानशा पडद्यावर सर्व कांहीं ठीक दिसलें. घरीं परतून चित्रें मोठीं करून पाहिलीं तेव्हां कळलें कीं, मधला मजकूर बोरूच्या फटीसह स्पष्ट आला आहे; पण गुंडाळीचें शेवटचें टोंक, जें सवयीनें वर वळलें होतें, तें धूसर झालें आहे. साक्षीदारांचीं नांवें व निशाण्या नेमक्या तेथेंच होत्या.

पुन्हां एकदां जाऊं, असें ठरविलें आणि तें पुढें ढकललें. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी लागली. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धननजीक किनाऱ्यास आदळलें आणि मंडणगड व दापोली या तालुक्यांत असंख्य घरांचीं छपरें उडालीं. त्या घराचीं कौलेंही गेलीं. माळ्यावरचे पेटारे पावसांत भिजले व कागदांचा लगदा झाला. आज त्या महजराचें आमचें चित्र हेंच काय तें अवशिष्ट साधन आहे. तंटा कोणता होता व तो कसा तुटला, हें त्यावरून कळतें; पण कोणाच्या साक्षीनें तुटला, हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं.

या हकीकतींत दोष भिंगाचा नव्हता, हें प्रथमच स्पष्ट केलें पाहिजे. त्याच भिंगाचें छिद्र एफ/८ इतकें लहान ठेवून कॅमेरा तिपाईवर बसविला असता, तर तीं नांवें वाचतां आलीं असतीं. आम्हीं भिंगाच्या ज्या गुणासाठीं पैसे मोजले तो गुण आमच्या कामाचा नव्हता. आणि जें कामाचें होतें त्याचे पैसे वांचविले. पुढील सर्व विवेचनाचें सार एवढेंच आहे.

२. भिंगाचे कोणते गुण आपल्या कामाचे

भिंगाची परीक्षा चार गुणांवरून करावी.

पहिला गुण केंद्रांतर. तें मिलिमीटरांत सांगतात. केंद्रांतर कमी असेल तर दृश्याचा विस्तार मोठा येतो. जास्त असेल तर लहानसा भाग मोठा होऊन दिसतो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अल्प किमतीच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राही पट्टी जुन्या ३६ × २४ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीहून लहान असते. निकॉनमध्यें ती सुमारें २३.५ × १५.६ मिलिमीटर, तर कॅननमध्यें सुमारें २२.३ × १४.९ मिलिमीटर असते. त्यामुळें निकॉनवर ५० मिलिमीटरचें भिंग मोठ्या चौकटीवरील ७५ मिलिमीटरच्या भिंगासारखें, व कॅननवर ८० मिलिमीटरच्या भिंगासारखें दृश्य देतें. आमच्या दृष्टीनें याचा अर्थ असा कीं, ३० सेंटिमीटर लांबीचा कागद चौकटीच्या लांब बाजूंत पुरेपूर बसविण्यास ५० मिलिमीटरचें भिंग कागदापासून सुमारें ७० सेंटिमीटर, ३५ मिलिमीटरचें सुमारें ४८ सेंटिमीटर, आणि ९० मिलिमीटरचें सव्वा मीटर दूर ठेवावें लागतें. ओटीवर कागद जमिनीशीं मांडून वरून चित्र घ्यावयाचें तर सव्वा मीटर उंचीवर कॅमेरा बांधणें व त्याच्या पडद्यांत डोकावणें किती गैरसोयीचें आहे, हें ज्याचें त्यानें ठरवावें. ६० सेंटिमीटरचा नकाशा असेल तर ५० मिलिमीटरच्या भिंगासही १ मीटर ३० सेंटिमीटरांहून अधिक उंची लागते. म्हणून कागदाच्या कामास ३५ पासून ६० मिलिमीटरपर्यंतचें केंद्रांतर सोयीचें.

दुसरा गुण छिद्राचा. एफ/१.८ असा आंकडा जितका लहान, तितकें छिद्र मोठें व प्रकाश अधिक. किंमतही बहुधा त्याच मानानें वाढते. परंतु छिद्र मोठें केलें कीं, खोलीचा जो पट्टा स्पष्ट दिसतो तो अरुंद होतो. वर सांगितलेल्या ३० सेंटिमीटरच्या कागदाच्या बाबतींत एफ/१.८ वर हा पट्टा अवघा सव्वा सेंटिमीटर भरतो. एफ/८ वर तो साडेपांच सेंटिमीटर होतो. पट्ट्याचा साधारण अर्धा भाग फोकस केलेल्या पातळीच्या वर व अर्धा खालीं असतो. गुंडाळीचें टोंक दोन सेंटिमीटर वर उचललेलें असेल तर पहिल्या प्रसंगीं तें पट्ट्याबाहेर जातें, दुसऱ्या प्रसंगीं आंत राहतें. आमच्या महजराचें गणित हेंच होतें. उलट छिद्र फार लहान करणेंही इष्ट नाहीं. एफ/१६ च्या पुढें प्रकाशाच्या विवर्तनामुळें सर्वच चित्र किंचित् मऊ पडतें. बहुतेक भिंगें एफ/५.६ ते एफ/८ या दरम्यान आपलें उत्तम काम देतात. कागद हलत नाहीं व तिपाईही हलत नाहीं. तेव्हां प्रकाश कमी असल्यास उघडण्याचा काळ एक सेकंद केला तरी बिघडत नाहीं. सारांश, एफ/१.४ साठीं जादा पैसे देणें हें आपल्या कामांत निव्वळ अपव्यय होय.

तिसरा गुण जवळ पाहण्याची शक्ति. वस्तूचें चित्र पट्टीवर मूळच्या किती पट उमटतें, यावरून ती मोजतात. मूळ आकाराइतकें चित्र उमटविणाऱ्या भिंगास बाजारांत मॅक्रो म्हणतात. निकॉन कंपनी त्यासच मायक्रो हें नांव देते. कागदास ही शक्ति थोडी पुरते. नाणें, मोहोर व ताम्रपटाचें अक्षर यांस ती अधिक लागते.

चौथा गुण क्षेत्राची सपाटी, आणि आमच्या मतें हाच सर्वांत मोलाचा. कित्येक भिंगें मध्यभागीं उत्तम, पण कोपऱ्यांत धूसर असतात. मनुष्याचा चेहरा टिपणारास त्याची क्षिति नसते; कोपऱ्यांत भिंत किंवा झाडी असते. पण जुन्या कागदाचें काय? शिक्का माथ्यावर, मोर्तब तळाशीं, पैवस्तीची नोंद कडेला किंवा पाठीवर, आणि साक्षीदारांच्या निशाण्या शेवटच्या ओळींखालीं. कागदाचा काळ, स्थळ व प्रामाण्य ज्यांवरून ठरतें तीं सर्व चिन्हें कांठावरच असतात. जें भिंग कांठाशीं इमान राखीत नाहीं तें संशोधकाच्या कामाचें नाहीं.

३. कॅमेऱ्याबरोबर येणारें भिंग

अल्प किमतीच्या कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८–५५ मिलिमीटरचें झूम भिंग येतें. जाणते लोक त्यास नाक मुरडतात. नवशिका तें ऐकून तें विकावयास काढतो. हें करूं नये. या भिंगाचें छिद्र लहान, एफ/३.५ ते एफ/५.६, हा त्याचा दोष मानला जातो. पण आपण एफ/८ वर काम करणार असल्यानें तो दोष आपणांस जाणवत नाहीं. कॅनन व निकॉन यांच्या कित्येक १८–५५ भिंगांत जवळ पाहण्याची शक्ति मूळ आकाराच्या एक-तृतीयांशाहून थोडी अधिक आहे. म्हणजे साडेसहा सेंटिमीटरांहून कमी लांबीचें क्षेत्र चौकटीभर घेतां येतें. एखाद्या सनदेवरील शिक्का वाचण्यास एवढें पुरे आहे.

मात्र दोन पथ्यें पाळावीं. कागदाचें चित्र घेतांना झूम १८ कडे कधींही ठेवूं नये. त्या टोंकास सरळ रेषा बाहेर फुगतात व कोपरे ताणले जातात. पोथीची समास-रेषा कमानीसारखी वाकलेली दिसली तर समजावें कीं, झूम चुकीच्या टोंकास आहे. ४० ते ५५ यांच्या दरम्यान तें ठेवावें व स्वतः मागेंपुढें व्हावें.

१८ मिलिमीटरचें टोंक वास्तूसाठीं राखावें. त्यानें पांच मीटर अंतरावरून सुमारें साडेसहा मीटर रुंदीचें दृश्य चौकटींत येतें. बाणकोटासारख्या लहान किल्ल्याचा दरवाजा, देवळाचा सभामंडप, अथवा शेजारच्या दापोली तालुक्यांतील पन्हाळेकाजी येथील २९ लेण्यांपैकीं एखादें दालन, जेथें मागें सरकण्यास जागा नसते, तेथें हें टोंक उपयोगी पडतें. लेण्यांत काळोख असतो म्हणून मोठ्या छिद्राचें भिंग हवें, असें पुष्कळांस वाटतें. शिल्प जागचें हलत नाहीं. तेथेंही तिपाई हेंच उत्तर आहे. तिपाई वापरण्यास परवानगी लागत असेल तर ती आगाऊ मिळवावी.

४. पहिलें विकत घ्यावयाचें भिंग

बरोबर आलेल्या भिंगावर कांहीं महिने काम केल्यावर जें पहिलें भिंग विकत घ्यावयाचें तें मॅक्रो घ्यावें, असें आमचें निश्चित मत आहे. त्यामागें केवळ जवळ पाहण्याची सोय नाहीं. मॅक्रो भिंगें सपाट वस्तूचें सपाट चित्र यावें अशाच हेतूनें रचलेलीं असतात व त्यांचे कोपरे विश्वासू असतात. या जातीच्या एका प्रसिद्ध भिंगाचा उगमच कागदपत्रांच्या कामांत आहे, हें आमच्या वाचकांस रोचक वाटेल. जपानांत दस्तऐवज मायक्रोफिल्मवर उतरवितांना असें आढळलें कीं, रोमन अक्षरांस पुरेशीं ठरणारीं भिंगें अनेक रेघांच्या चिनी-जपानी अक्षरांस अपुरीं पडतात. ती उणीव भरून काढण्यासाठीं निकॉननें ५० मिलिमीटरचें पहिलें मायक्रो-निक्कोर भिंग १९५६ सालीं तयार केलें. मोडीची अडचणही याच जातीची आहे. हात न उचलतां लिहिलेल्या ओळींत अक्षर अक्षरांत गुंतलेलें असतें, आणि एखाद्या वळणाच्या गांठीवर वाचन अवलंबून असतें.

निकॉन कॅमेऱ्यास ४० मिलिमीटर एफ/२.८ मायक्रो व कॅननला ३५ मिलिमीटर एफ/२.८ मॅक्रो हीं लहान चौकटीसाठीं केलेलीं भिंगें कागदाच्या कामास सोयीचीं आहेत. कॅननच्या भिंगाच्या तोंडाशीं लहान दिवाही बसविलेला आहे. नाण्यांच्या संग्राहकानें मात्र ६० मिलिमीटरचें, किंवा टॅमरॉनचें ९० मिलिमीटरचें भिंग पहावें; कारण मूळ आकाराचें चित्र घेतांना ३५ वा ४० मिलिमीटरचें भिंग नाण्याच्या इतकें जवळ न्यावें लागतें कीं, त्याची सावली नाण्यावर पडते. अशा चित्रांत एफ/८ वर स्पष्ट दिसणारा पट्टा केवळ अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा असतो. तेव्हां नाणें भिंगाशीं अगदीं समांतर ठेवल्याविना त्याच्या कडेचीं अक्षरें वाचतां येत नाहींत.

मॅक्रो आवाक्याबाहेर असेल त्यानें ५० मिलिमीटर एफ/१.८ हें साधें भिंग घ्यावें व त्याच्या जोडीला एक्स्टेन्शन ट्यूब नांवाच्या पोकळ नळ्या घ्याव्या. या नळ्यांत कांच नसते. भिंग पट्टीपासून दूर सरकविणें एवढेंच त्यांचें काम. ५० मिलिमीटरच्या भिंगामागें २५ मिलिमीटरची नळी लावली कीं, मूळच्या निम्म्या आकाराचें चित्र मिळतें. कॅमेऱ्यांतून छिद्र चालवितां येईल अशा विद्युत्-जोडणीच्या नळ्या घ्याव्या. नुसत्या धातूच्या स्वस्त नळ्यांत एफ/८ ठेवतां येत नाहीं, व मग सर्व खटाटोप व्यर्थ होतो.

५. दूरचें भिंग

५५–२५० किंवा ७०–३०० मिलिमीटरचें झूम भिंग हा नवशिक्याचा सर्वांत मोठा मोह. दुकानदारही कॅमेऱ्याबरोबर तेंच जोडीनें देऊं करतो. आपल्या कामांत त्याचा उपयोग नाहीं असें नाहीं. दरवाजाच्या माथ्यावरील गणेशपट्टी, शिखराजवळचें शिल्प, तटांत उंचावर बसविलेला लेख, हीं त्यावांचून मिळत नाहींत. शिवाय दूर उभें राहून घेतल्यानें उंचावरील लेखाच्या ओळी निमुळत्या होत नाहींत. पण असे प्रसंग वर्षांतून मोजके, आणि कागद रोजचे. म्हणून हें भिंग शेवटीं घ्यावें, किंवा प्रसंगापुरतें स्नेह्याकडून मागून आणावें.

शिलालेखाच्या बाबतींत भिंगापेक्षां प्रकाशाची दिशा महत्त्वाची, हें येथेंच सांगून ठेवतों. लेखावर समोरून ऊन असेल तर उत्तम भिंगासही अक्षर दिसत नाहीं. सकाळीं अथवा संध्याकाळीं, ऊन शिळेस घासून जात असतां चित्र घ्यावें. नसेल तर हातदिवा बाजूस धरून चारही दिशांनीं चार चित्रें घ्यावीं. कोंकणांतील जांभा दगड मूळचाच छिद्रमय. त्यावरील खांच व कोरलेली रेघ यांतील भेद एका चित्रावरून कळत नाहीं, चारांवरून बहुधा कळतो. ११३९ सालच्या पन्हाळे येथील शिलाहार विक्रमादित्याच्या दानपत्रासारख्या ताम्रपटांसही हाच नियम लागू आहे.

६. जुनें भिंग घेतांना

कॅनन व निकॉन या कंपन्यांनीं आपलें लक्ष आतां आरसाविरहित कॅमेऱ्यांकडे वळविलें आहे, व त्यामुळें हौशी लोकांचे डीएसएलआर कॅमेरे व भिंगें वापरलेल्या स्थितींत पुष्कळ बाजारांत येत आहेत. आपल्यासारख्या बेताच्या खर्चाच्या माणसास ही संधि आहे. २४ मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा चित्राच्या लांब बाजूस ६,००० बिंदु देतो. ३० सेंटिमीटरच्या कागदावर ते पसरले तर इंचास ५०० च्या आसपास पडतात. कागदपत्रांच्या प्रतिमांस सामान्यतः ३०० ते ४०० पुरेसे धरतात. म्हणून बॉडी जुनी चालेल. पैसा भिंगास व तिपाईस द्यावा.

परंतु जुनें भिंग घेतांना, विशेषतः कोंकणांत, एक परीक्षा चुकवूं नये. मंडणगडसारख्या तालुक्यांत वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या दमट हवेंत भिंगाच्या आंतील कांचेवर बुरशी धरते. भिंग डोळ्यांसमोर धरून मागून हातदिव्याचा उजेड तिरपा टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले तर कितीही स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. दुसरी परीक्षा कोपऱ्यांची. वर्तमानपत्राचें एक पान भिंतीस सपाट चिकटवून, कॅमेरा तिपाईवर समांतर बसवून, एफ/८ वर चित्र घ्यावें आणि चारही कोपरे मोठे करून वाचून पहावे. तीन कोपरे स्वच्छ व चौथा धूसर असेल तर आंतील कांच सरकलेली आहे असें समजावें. तिसरी परीक्षा जोडणीची. निकॉनच्या डी ३००० व डी ५००० या मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकस फिरविणारी मोटर नसते. त्यांवर मोटर नसलेलीं जुनीं निकॉन भिंगें हातानें फोकस करावीं लागतात. कागदाच्या कामांत ही अडचण नव्हे. पडद्यावर अक्षर दहापट मोठें करून हातानें केलेला फोकसच अधिक भरवंशाचा. मात्र हें ठाऊक असून घ्यावें.

घेतलेलें भिंग पावसाळ्यांत चामडी पिशवींत ठेवूं नये. झांकण घट्ट बसणाऱ्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावें, डब्यांत आर्द्रता दाखविणारें लहान यंत्र ठेवावें, आणि कांटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्यें राहील असें पहावें.

७. खर्चाचा क्रम

आतां सर्वांचा मेळ घालूं. किमती वर्षागणिक बदलतात म्हणून रकमा न सांगतां क्रमच सांगतों. प्रथम वापरलेला कॅमेरा, १८–५५ भिंगासह. दुसरी, भिंगाच्याही आधीं, तिपाई. तिची दांडी आडवी करून कॅमेरा खालीं पाहील अशी. तिच्याबरोबर रंग खरे दाखविणारे दोन एलईडी दिवे, जे कागदाच्या दोन्ही बाजूंस ४५ अंशांवर ठेवावयाचे. एक मोजपट्टी, जी प्रत्येक चित्रांत दिसली पाहिजे. आणि एक लहान सपाट आरसा. आरशाचा उपयोग असा: तो कागदाच्या जागीं ठेवावा, व कॅमेऱ्याच्या पडद्यांत भिंगाचें स्वतःचें प्रतिबिंब बरोबर मध्यभागीं येईपर्यंत तिपाई सारखी करावी. तें आलें कीं, कॅमेरा व कागद समांतर झाले. कॅमेऱ्यांतील झगझगाटी दिवा मात्र वापरूं नये. त्यानें कागदावर चकाकी येते आणि धन्यासही काळजी वाटते. तिसरें मॅक्रो, अथवा ५० मिलिमीटर व नळ्या. चौथें, जमल्यास, दूरचें भिंग.

हातांतील मोबाईलवर हें सर्व होत नाहीं काय, असें कोणी विचारील. सूची करण्यास व कोणता कागद कोठें आहे हें लक्षांत ठेवण्यास मोबाईल पुरेसा आहे. परंतु त्यांतील संगणन चित्र सुरेख करण्यासाठीं कडा उठावदार करतें व बारीक पोत पुसून टाकतें. फिकट शाईची रेघ व कागदाचा तंतु यांत निवाडा करावयाचा असतां असा मध्यस्थ नको. डीएसएलआरमध्यें रॉ प्रकारची मूळ नोंद ठेवतां येते. ती अवश्य ठेवावी.

राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हांपासून आपल्याकडे एक गोष्ट सर्वमान्य आहे कीं, मूळ कागदावांचून इतिहास नाहीं. त्या पिढीस कागद पाहून हातानें नक्कल करावी लागे, व नक्कल करणारा साक्षीदारांचीं नांवें गाळीत नसे. तीं उतरविल्यावांचून नक्कल पुरी झाली असें तो मानीत नसे. आम्हीं यंत्रावर विसंबून टोंकाकडे पाहिलें नाहीं. म्हणून शेवटीं एकच विनंति. जें भिंग घ्याल तें घ्या, पण धन्याच्या घरून उठण्यापूर्वी प्रत्येक चित्राचे चारही कोपरे पडद्यावर मोठे करून वाचून पहा, आणि वाचतां न आल्यास तेथेंच दुसरें चित्र घ्या. कोंकणांतील किती माळ्यांवर अद्याप किती रुमाल आहेत हें कोणीं मोजलेलें नाहीं, आणि दर मृगाबरोबर त्यांतील कांहीं कमी होतात. पुन्हां येऊं म्हणून निघालेल्या संशोधकाची तो कागद वाट पाहील, असा भरंवसा आम्हांस उरलेला नाहीं.